नाताळचा रस्सा आणि घरातली मनी

मुंबईत वांद्र्याला किंवा वसईच्या आळ्यांमध्ये नाताळ रस्त्यावर दिसतो. रोषणाई, गव्हाणीचे देखावे, बेकऱ्यांपुढची गर्दी, मध्यरात्रीच्या मिस्सेला निघालेली कुटुंबे. पारोळ्याची गोष्ट वेगळी. सुरत-नागपूर महामार्गावर, धुळे आणि जळगाव यांच्या मध्ये वसलेले हे तालुक्याचे गाव ओळखले जाते ते भुईकोट किल्ल्यासाठी, झाशीच्या नेवाळकर घराण्याशी असलेल्या नात्यासाठी आणि बालाजीच्या रथासाठी. अशा गावात नाताळ हा उंबरठ्याच्या आतला सण असतो. दारावर कागदी चांदणी, कोपऱ्यात सुरूची फांदी किंवा प्लास्टिकचे झाड, आणि बाकी सारा सण स्वयंपाकघरात.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे एक टक्क्याहून किंचित कमी होती. यातील मोठा भाग मुंबई, ठाणे, वसई आणि पुण्याच्या बाजूला राहतो. खानदेशात पश्चिमेकडे, नवापूर-नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात ख्रिस्ती वस्ती बऱ्यापैकी आहे. पूर्वेकडच्या तालुक्यांत मात्र ती विरळ. त्यामुळे येथे नाताळ म्हणजे माणसे घरी येण्याचा सण. नाशिक, पुणे, सुरत येथे नोकरीला असलेली मुले सुट्टी काढून येतात, अमळनेरला गाडीतून उतरून पुढचा रस्ता एसटीने किंवा रिक्षाने गाठतात, आणि दोन माणसांच्या घरात चार-सहा दिवस दहा-बारा माणसे नांदतात.

या घरात आणखी एक जण असते. त्याला कोणी विकत आणलेले नसते, त्याच्यासाठी दुकानातून डबाबंद खाद्यही येत नाही. धान्याच्या कोठीजवळ उंदीर धरायला कधीतरी आलेले आणि मग चुलीच्या उबेला कायमचे राहिलेले मांजर. माणूस आणि मांजर यांचे नाते मुळात असेच जुळले, हे आता संशोधकांनाही मान्य आहे. सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेल्या मांजराचा सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचा सांगाडा सापडला. त्याची माहिती २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. शेती आली, धान्य साठू लागले, उंदीर आले, आणि उंदरांमागून मांजर. खानदेशातील घरांमध्ये हा करार आजही बऱ्याच अंशी त्याच अटींवर चालू आहे. फरक एवढाच की सणाच्या दिवशी घरातला प्रत्येक जण आपल्या ताटातले काही ना काही मांजरापुढे टाकतो.

दरवर्षी डिसेंबर उजाडला की नाताळात पाळीव प्राण्यांची काळजी कशी घ्यावी, अशा याद्या इंटरनेटवर फिरू लागतात. चॉकलेट देऊ नका, पॉइन्सेटियाची लाल पाने दूर ठेवा, झाडावरचे काचेचे गोळे उंच टांगा. सल्ला चुकीचा नाही. तो दुसऱ्या घराचा आहे. ज्या घरात भाजलेली टर्की आणि चॉकलेटचे डबे असतात, त्या घरासाठी तो लिहिलेला असतो. खानदेशातील नाताळच्या स्वयंपाकघरात मांजराला खरा धोका कोणाचा, असे विचारले तर उत्तर त्या याद्यांच्या तळाशी सापडेल. ते उत्तर आहे कांदा.

ताट मराठी, सण ख्रिस्ती

मराठी ख्रिस्ती घरातील नाताळचा फराळ पाहिला तर तो दिवाळीचाच वाटेल. करंज्या, शंकरपाळे, चकल्या, शेव, चिवडा, रव्याचे लाडू. केक असतो, पण बहुतेक वेळा बेकरीतून आणलेला. घरचा अभिमान करंजीत असतो. यात नवल काही नाही. नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावरही अभंग, भजन आणि कीर्तन हेच आपले माध्यम ठेवले. ताटाचेही तसेच झाले. नावाची गंमत तर त्याहून निराळी आहे. ‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीज. वसई पोर्तुगिजांकडे १५३४ ते १७३९ अशी दोनशे वर्षे होती, गोव्यात तर त्यांचा अंमल १९६१ पर्यंत चालला. किनाऱ्यावरच्या कॅथलिकांचा हा शब्द घाट चढून थेट तापीच्या खोऱ्यात पोहोचला आणि जेथे प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांनी काम केले, त्या गावांतूनही तोच रुळला.

फराळ झाला तरी नाताळच्या दुपारचे खरे जेवण म्हणजे मटणाचा रस्सा. कांदा निखाऱ्यावर किंवा तव्यावर काळसर होईपर्यंत भाजायचा, सुके खोबरे भाजायचे, भरपूर लसूण, खडा मसाला, आणि हे सारे पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये बारीक वाटायचे. खानदेशी काळ्या मसाल्याच्या रश्शाचा रंग आणि तवंग या भाजलेल्या कांद्या-खोबऱ्याच्या वाटणातून येतो. सोबत बाजरीची किंवा कळण्याची भाकरी. डिसेंबर हा भरताच्या वांग्यांचाही हंगाम असतो. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या भरितात हिरवी मिरची, लसूण आणि कांद्याची पात हवीच.

जेवणे झाली की घरातील वडीलधारी बाई मांजराची आठवण काढते. वाटीत उरलेला रस्सा, त्यात कुस्करलेली भाकरी, वर एखादे हाड. सणाच्या दिवशी मुक्या जीवानेही गोडधोड, चमचमीत खावे, हा त्यामागचा भाव. त्याच वाटीत धोका असतो.

आठ विरुद्ध दोन

कांदा, लसूण, कांद्याची पात ही सारी एकाच कुळातील. या वनस्पतींत गंधकाची काही संयुगे असतात. चिरताना डोळ्यांत पाणी आणणारे, वाटणाला चव देणारे ते हेच कूळ. ही संयुगे पोटात गेली की रक्तातील हिमोग्लोबिनवर हल्ला करतात. माणसाच्या शरीराला तो हल्ला जाणवतही नाही. मांजराची गोष्ट वेगळी आहे, आणि त्याचे कारण रेणूच्या पातळीवर आहे. हिमोग्लोबिनच्या रेणूवर काही ठिकाणे अशी असतात की तेथे अशा संयुगांची रासायनिक क्रिया सहज घडते. माणसाच्या हिमोग्लोबिनमध्ये अशी दोन ठिकाणे, कुत्र्याच्या चार, आणि मांजराच्या आठ. आठ दारे उघडी असलेल्या घरात चोर शिरणे किती सोपे, तसे हे आहे. हिमोग्लोबिन बिघडते, त्याच्या गाठी होऊन त्या लाल पेशींच्या कडेला चिकटतात, आणि अशा पेशी शरीर स्वतःच मोडीत काढू लागते. मांजराला पंडुरोग होतो.

किती कांदा पुरे होतो? पशुवैद्यकशास्त्रात मांजरासाठी सर्वसाधारणपणे सांगितला जाणारा आकडा वजनाच्या दर किलोमागे सुमारे ५ ग्रॅम असा आहे. आपल्याकडचे गावठी मांजर तीन ते चार किलोचे. म्हणजे पंधरा ते वीस ग्रॅम कांदा. मध्यम आकाराचा एक कांदा शंभर ग्रॅमच्या आसपास भरतो, तर त्याचा पाचवा हिस्साही पुरे.

आता हा हिशेब रश्शाला लावून पाहावा. समजा एक किलो मटणाला चारशे ग्रॅम कांदा घातला आणि सगळे मिळून दोन लिटर रस्सा झाला. म्हणजे शंभर मिलिलिटर, एका लहान वाटीत मावेल एवढ्या रश्शात वीस ग्रॅम कांद्याचा अंश उतरला. भाजल्याने कांद्याचे पाणी उडते, विषारीपणा उडत नाही. उकळल्याने, वाटल्याने, वाळवल्यानेही तो जात नाही. उलट मसाल्याच्या कोरड्या पुडीत तो एकवटलेला असतो. लसूण तर कांद्याहून कितीतरी तीव्र मानला जातो, आणि खानदेशी वाटणात तो हात राखून घातला जात नाही. तेव्हा एक वाटी रस्सा, त्यात कुस्करलेली भाकरी, हा मांजरासाठी धोक्याच्या रेषेवरचा घास आहे. घरातील तीन माणसांनी तीन वेळा वेगवेगळी वाटी दिली तर रेषा केव्हाच ओलांडली जाते.

यातील सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे वेळ. मांजर जेवल्या-जेवल्या आजारी पडत नाही. कदाचित थोडी उलटी, थोडी जुलाबासारखी तक्रार, आणि पाहुण्यांच्या गर्दीत ती कोणाच्या लक्षातही येत नाही. पेशी मोडायला एक ते काही दिवस लागतात. पंचवीस तारखेचा रस्सा अठ्ठावीस-एकोणतीस तारखेला आपला परिणाम दाखवतो. मांजर कोपऱ्यात बसून राहते, खायला नको म्हणते, धाप लागल्यासारखा श्वास घेते, हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी गडद, लालसर तपकिरी होते. तोवर मटणाचे पातेले घासून फळीवर गेलेले असते आणि पाहुणे आपापल्या गावी परतलेले असतात. कांद्याशी या आजाराचा संबंध कोणी जोडत नाही. “थंडी बाधली,” असे म्हटले जाते.

आणि खानदेशात डिसेंबरअखेरीस थंडी खरोखरच असते. जळगाव-धुळ्याचा पारा या दिवसांत दहा अंशांच्या खाली उतरणे नवलाचे नाही. त्यामुळे निदान पटण्याजोगे वाटते आणि पुढची चूक घडते.

अर्धी गोळी

मांजर मलूल आहे, अंग तापलेले वाटते. घरात पॅरासिटामॉलची पट्टी असतेच. लहान मुलाला चालते तर मांजराला अर्धी गोळी द्यायला काय हरकत, असा साधा, मायेचा विचार. भारतातल्या घरांत मांजरे दगावण्याच्या टाळता येण्याजोग्या कारणांत हे कारण फार वर लावावे लागेल.

पॅरासिटामॉलचा निचरा माणसाच्या यकृतात होतो. त्यासाठी लागणारे विकर बनवण्याची सूचना मांजराच्या जनुकांत आहे, पण ती मोडलेली आहे. हजारो पिढ्या निव्वळ मांसावर जगलेल्या प्राण्याला वनस्पतींमधील विषारी द्रव्ये पचवण्याची गरजच पडली नाही, म्हणून ती यंत्रणा गंजून गेली, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. परिणामी औषध शरीरात राहून त्याचे घातक रूप तयार होते, आणि तेही पुन्हा त्याच आठ दारांच्या हिमोग्लोबिनवर जाऊन आदळते. रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती जाते. काही तासांत हिरड्या निळसर किंवा मातकट दिसू लागतात, चेहरा आणि पंजे सुजतात, तोंडातून लाळ गळते. पाचशे मिलिग्रॅमची अर्धी गोळी चार किलोच्या मांजराचा जीव घेण्यास पुरेशी ठरू शकते. मुलांचे पातळ औषध, आयबुप्रोफेन, अॅस्पिरिन हेही घरच्या घरी द्यायचे नाही. छातीला चोळायचा कापूर-निलगिरीचा बाम तर मुळीच लावू नये. मांजर अंग चाटते, आणि लावलेले सारे पोटात जाते.

कांद्याने आधीच लाल पेशी मोडल्या आहेत आणि त्यावर ही अर्धी गोळी! नाताळनंतरच्या आठवड्यात हे दोन्ही एकामागून एक घडू शकते, यात या सणाचे खरे संकट आहे.

उपाय नाही असे नाही. पॅरासिटामॉलवर एन-ॲसिटिलसिस्टीन हे उतारा-औषध आहे, आणि ते माणसांच्या रुग्णालयांतही वापरले जाते. कांद्याच्या विषबाधेत सलाईन, प्राणवायू आणि फार झाले तर रक्त देणे असा आधार द्यावा लागतो. पण दोन्हीत वेळ महत्त्वाची, आणि येथे गावाचा प्रश्न येतो. तालुक्याच्या ठिकाणचा शासकीय पशुवैद्यकीय दवाखाना प्रामुख्याने गाई, म्हशी, बैल, शेळ्या यांच्यासाठी असतो. ते योग्यही आहे. शेतकऱ्याचे पोट त्यांच्यावर असते. १९६२ या निःशुल्क क्रमांकावर मिळणारी फिरती पथकेही मुख्यतः पशुधनासाठीच. मांजरांवर नेहमी उपचार करणारा डॉक्टर हवा तर पारोळ्याहून सुमारे पस्तीस किलोमीटरवर धुळे किंवा साठेक किलोमीटरवर जळगाव. त्यात २५ डिसेंबर ही सार्वजनिक सुट्टी. म्हणून ज्या घरात मांजर आहे, त्या घराने २० तारखेच्या सुमारासच चौकशी करून ठेवावी. धुळ्यात किंवा जळगावात लहान प्राणी पाहणारे डॉक्टर कोण, त्यांचा दूरध्वनी, सुट्टीत ते उपलब्ध आहेत का. क्रमांक फ्रिजवर चिकटवून ठेवण्याला दोन मिनिटे लागतात.

काही विषारी खाल्ल्याचा संशय आला तर घरगुती उपचार टाळलेले बरे. मिठाचे पाणी पाजून उलटी करवणे ही जुनी युक्ती मांजराच्या बाबतीत स्वतःच धोकादायक आहे. काय खाल्ले, किती, आणि किती वाजता, एवढे कागदावर लिहून, गोळीची पट्टी असेल तर तीही घेऊन निघावे. हिरड्यांचा रंग पाहण्याची सवय आधीपासून लावून घ्यावी. निरोगी मांजराच्या हिरड्या गुलाबी असतात, हे पाहिलेले असले तर पांढरेपणा ओळखता येतो.

मग मांजराचा नाताळ कसा?

मांजराला सणाचे काहीच द्यायचे नाही, असा याचा अर्थ नाही. मटण धुऊन झाल्यावर, मसाल्याचा हात लागण्याआधी, बिनहाडाचे चार तुकडे बाजूला काढावेत आणि साध्या पाण्यात उकडून घ्यावेत. मीठ नको, आले-लसूण नको. पुष्कळ घरांत मुलांसाठी ‘अळणी’ काढण्याची पद्धत आहे, पण त्या अळणीतही बहुधा कांदा-लसूण पडलेला असतो. मांजराचे भांडे त्याच्याही आधीचे. कोंबडीचा उकडलेला मऊ तुकडा किंवा थोडे शिजवलेले अंडेही चालते. शिजवलेली हाडे, विशेषतः कोंबडीची, ठिसूळ होऊन टोकदार फुटतात. ती घशात किंवा आतड्यात रुततात. जेवणानंतर पत्रावळी आणि ताटांतील हाडे झाकणाच्या बादलीत जायला हवीत. ‘शिंक्याचे तुटले, बोक्याचे पिकले’ ही म्हण तयार झाली ती मांजराचे लक्ष कोठे असते, हे आपल्या लोकांना पक्के ठाऊक होते म्हणून.

गोडाविषयी मात्र फार चिंता नको. मांजराला गोडाची चव कळतच नाही. फिलाडेल्फियातील मोनेल संस्थेच्या संशोधकांनी २००५ मध्ये दाखवून दिले की गोडाची जाणीव करून देणाऱ्या दोन जनुकांपैकी एक मांजरात निकामी आहे. करंजीपाशी ते घुटमळते ते खव्याच्या आणि तुपाच्या वासाने. साखरेशी त्याला देणे-घेणे नसते. परदेशी याद्यांत अग्रभागी असलेले चॉकलेट विषारी आहे खरे, पण मांजर होऊन ते खाईल अशी शक्यता कमी. कुत्र्याची गोष्ट निराळी. फराळातील चिवडा मात्र दूर ठेवावा. त्यात तळलेला लसूण, कधी वाळवलेला कांदा आणि मनुका असतात. मनुकांनी कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी होतात हे सिद्ध आहे. मांजरांविषयी पुरावा थोडा आहे, पण जोखीम घेण्याचे कारण नाही. केकमध्ये त्याच मनुका रममध्ये भिजवलेल्या असतात, आणि रमचे प्रमाण मांजराच्या वजनाशी मोजायचे असते.

दुधाचे काय? डोळे मिटून दूध पिणारे मांजर ही मराठी मनातली पक्की प्रतिमा आहे. प्रत्यक्षात पुष्कळ मोठ्या मांजरांना दुधातील साखर पचत नाही आणि पोट बिघडते. सणाच्या दिवशी खिरीची, बासुंदीची वाटी पुढे सरकवण्यापेक्षा स्वच्छ पाण्याचे भांडे बरे.

पॉइन्सेटियाची बदनामीही जरा जास्तच झालेली आहे. हवाई बेटांवर १९१९ मध्ये त्याचे पान खाऊन एक मूल दगावल्याची कथा पसरली आणि ती निराधार असूनही टिकून राहिली. त्याच्या चिकाने तोंडाची आग होते, उलटी होते, एवढेच. खरी प्राणघातक फुले म्हणजे लिली. शहरातील फुलवाल्यांकडून आणलेल्या गुच्छात पांढरी किंवा केशरी लिली असेल तर मांजराच्या घरात ती आणूच नये. एखादी पाकळी, अंगावर पडलेले आणि चाटले गेलेले पराग, फुलदाणीतील पाणी, यातील काहीही मांजराची मूत्रपिंडे दोन-तीन दिवसांत निकामी करू शकते.

माणसांच्या गर्दीचा त्रास हा विषयही लहान नाही. वर्षभर दोन म्हाताऱ्या माणसांत राहिलेल्या मांजराच्या घरात एकाएकी दहा माणसे, शेपटी ओढणारी मुले, स्पीकरवर गाणी, दारात फटाके. मांजर पलंगाखाली किंवा माळ्यावर जाऊन बसते. त्याला तेथून ओढून पाहुण्यांना दाखवू नये. आतल्या खोलीत एक खोका, जुनी गोधडी, पाणी आणि वाळूचे टोपले ठेवले की त्याला आपली जागा मिळते. ३१ डिसेंबरच्या रात्री सारे घर उपासनेला निघते, तेव्हा उघड्या दारातून घाबरलेले मांजर बाहेर पळते आणि महामार्ग जवळच असतो. निघण्यापूर्वी ते कोणत्या खोलीत आहे, हे पाहून दार लावावे. परतल्यावर गाडी सुरू करतानाही बॉनेटवर एक थाप मारावी. थंडीत इंजिनाची ऊब शोधत मांजरे आत शिरतात.

गव्हाणीतले मांजर

गव्हाणीचा देखावा मांडण्याची प्रथा संत फ्रान्सिसने १२२३ मध्ये इटलीतील ग्रेचो गावी सुरू केली. तेव्हा गाय-बैल आणि गाढव खरेखुरे होते. मांजर त्यात नव्हते. प्रॉटेस्टंटांच्या बायबलमध्ये तर मांजराचा एकदाही उल्लेख नाही. कॅथलिक बायबलमधील बारूखच्या पुस्तकात तेवढे ते एकदा, मूर्तींच्या अंगाखांद्यावर बसणारे म्हणून, येऊन जाते. लोककथेने मात्र ही उणीव भरून काढली. रडणाऱ्या बाळ येशूला ऊब देऊन एका मांजराने झोपवले आणि मरियेने त्याच्या कपाळावरून हात फिरवला, म्हणून पट्टेरी मांजराच्या कपाळावर तिच्या नावाचे आद्याक्षर उमटले, अशी युरोपात कथा आहे. उत्तरेकडे आइसलँडमध्ये याच्या उलट एक अक्राळविक्राळ नाताळी बोका आहे; सणाला नवे कपडे न मिळालेल्यांना तो खातो, असे मुलांना सांगतात. नव्या कपड्यांचे कौतुक तेथेही कमी नाही, एवढाच त्यातून निष्कर्ष.

खानदेशी घरातले मांजर देखाव्यातील गवत पाहते आणि सरळ त्यात जाऊन निजते. मेंढपाळ आडवे, पूर्वेचे ज्ञानी पुरुष कलंडलेले. हे चालवून घेण्यासारखे आहे. चालवून घेण्यासारखी नाही ती सजावटीची दोरी. येथे बर्फाच्या जागी कापूस पिंजून अंथरतात. कापसाच्या मुलखात हे साहजिकच आहे. त्यावर चकाकत्या झिरमिळ्या, रिबिनी, चांदणी टांगण्याचा दोरा. मांजराला हलणारा दोरा म्हणजे उंदराचे शेपूट. आणि त्याच्या जिभेवरचे काटे मागच्या बाजूला वळलेले असतात. एकदा दोरा तोंडात अडकला की तो थुंकून टाकता येत नाही. प्रत्येक गिळण्याबरोबर आतच जातो. त्याचे एक टोक जिभेखाली किंवा जठराच्या तोंडाशी अडकते, दुसरे आतड्यात पुढे सरकते, आणि नाडी ओढल्यावर परकराच्या चुण्या पडाव्यात तसे आतडे त्या दोऱ्यावर गोळा होते. दोरा आतड्याच्या भिंतीला करवतीसारखा कापतो. अशा मांजराला शस्त्रक्रियेवाचून पर्याय राहत नाही.

मांजराच्या तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर तो कधीही ओढू नये. आतून तो कोठे अडकला आहे, हे बाहेरून दिसत नाही, आणि ओढल्याने आतडे चिरते. फार लांब लोंबत असेल तर थोडा कापावा आणि थेट डॉक्टरकडे जावे. वारंवार उलट्या, न खाणे, पोटाला हात लावू न देणे ही लक्षणे सणानंतर दिसली तर दोऱ्याचा संशय डॉक्टरांना आपणहून सांगावा. झाडावर झिरमिळ्या लावायच्याच असतील तर मांजराची उडी पोहोचणार नाही इतक्या उंच, आणि विजेच्या माळांची वायर भिंतीला चिकटवून. कोवळ्या वयाचे मांजर वायर चावते.

सजावट ६ जानेवारीला, ज्ञानी पुरुषांच्या भेटीच्या सणानंतर, उतरवण्याची अनेक घरांत रीत आहे. ती उतरवताना तुटलेले दोरे, रिबिनींचे तुकडे, कापसाच्या पुंजक्यांत अडकलेले तार झाडून एका पिशवीत घालावेत आणि पिशवीला गाठ मारावी. उघड्या टोपलीत टाकलेला दोरा मांजर रात्री शोधून काढते. त्यानंतर आठवडाभरात संक्रांत येते आणि गच्चीवर पतंग चढतात. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी तो विकला जातो आणि तुटून अंगणात, माळ्यावर, तुळशीवृंदावनाच्या कठड्यावर पडतो. झिरमिळीपेक्षा तो कितीतरी धारदार असतो, आणि त्यावर मांजराचे दात चालत नाहीत.